गळ्यातील ग्रंथी आणि पोटातील जिवाणू

गळ्यातील अवटू ग्रंथीचा, म्हणजेच थायरॉइडचा, आतड्याशी काय संबंध? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरांना गिलगिटमध्ये हाच प्रश्न पडला. एकाच पाण्यावर वसलेल्या गावांपैकी खालच्या गावांत गलगंडाचे रुग्ण अधिक आढळत. वरच्या गावांतील घाण पाण्याबरोबर खाली वाहत येई. त्या पाण्यातील गाळ त्यांनी स्वतः प्राशन केला, इतरांनाही दिला, आणि गलगंडाचे मूळ आतड्यातील जंतूंत आहे असे प्रतिपादन केले. प्रयोगासाठी असे धाडस आज कोणी करणार नाही, करूही नये!

त्यांचा निष्कर्ष अपुरा ठरला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. जेथे असे मीठ पोहोचले तेथे गलगंड लक्षणीय प्रमाणात घटला. १९६२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला.

तरीही मॅककॅरिसन यांचा तर्क अगदीच पोकळ नव्हता, असे मला वाटते. यकृत थायरॉइडच्या संप्रेरकांना दुसरे रेणू जोडून ती पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील जिवाणू ही जोडणी तोडतात आणि मोकळ्या झालेल्या संप्रेरकांचा काही अंश पुन्हा रक्तात शोषला जातो. टाकून दिलेल्या वस्तूतून उपयोगाचे वेचून घरात परत आणावे, तसा हा व्यवहार आहे. उलट, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने ठाण मांडले, तर आम्ल घटून थायरॉक्सिनची गोळी नीट शोषली जात नाही. मग मात्रा वाढवावी लागते.

मात्र अशा अर्धवट माहितीच्या आधारे 'दही-ताक घ्या, गोळी सोडा' असा सल्ला देणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. जिची ग्रंथी पुरेसे संप्रेरक निर्माणच करीत नाही, तिची उणीव ताक कोठून भरून काढणार? ती स्त्री गर्भवती असेल, तर पोटातील बाळाच्या मेंदूची वाढही पणाला लागते. ताकाशी माझे वैर नाही. परंतु गोळी सकाळी रिकाम्या पोटी, केवळ पाण्याबरोबर घ्यायची असते; ताकाची वेळ त्यानंतरची, जेवणाच्या पानावरची.