डॉलरचा भाव आणि बाबांचे हेलपाटे

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत उभी होते. पुढे विषय एकच, कुठल्या ॲपवर डॉलरला चार पैसे जास्त मिळतात. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "पुण्याचं जुनं खातं मी तसंच ठेवलंय. बाबा बघतात सगळं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटलं नाही.

बाबा बघतात म्हणजे काय? ऐंशीच्या घरातला माणूस रिक्षा करून शाखेत जातो, केवायसीचे कागद घेऊन ताटकळतो, आणि "मुलगा कुठे असतो?" या प्रश्नावर "बाहेरगावी" म्हणून वेळ मारून नेतो. जन्मभर सरळ वागलेल्या माणसाला उतारवयात आपण खोटं बोलायला लावतो. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांप्रमाणे भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यावंच लागतं. ते आपल्या मर्जीवर नाही.

लगेच उत्तर येतं, "एनआरओवर ३० टक्के टीडीएस कापतात!" कापतात, पण फक्त व्याजावर. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून, रहिवासाचा दाखला, म्हणजे फॉर्म ६१६६, मागवून बाकीच्या कागदांसोबत बँकेला दिला तर दोन देशांमधल्या करारानुसार तो दर १५ टक्क्यांवर येतो. शिवाय भारतात भरलेल्या कराची इथे वजावट मिळते. एवढ्यासाठी आई-बाबांना रांगेत उभं करायचं?

आमच्याच घरात दोन्ही तऱ्हा झाल्या. गावची जागा विकली तेव्हा नणंदेचा वाटा तिच्या एनआरओ खात्यात जमा झाला. कर भरून, सीएचं प्रमाणपत्र जोडून ती तो दुबईला घेऊनही गेली. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत असं नेता येतं. थोरल्या दिरांचा वाटा मात्र जुन्या खात्यात पडला आणि तिथेच अडकला. मग खातं बदलण्यासाठी हा कागद, तो कागद, सही जुळत नाही, पुन्हा या. गुडघे धरून शाखेचा जिना चढल्या त्या सासूबाई. दीर इथून फोनवर सूचना देत होते.

खरं तर मदत उलट्या दिशेनं जायला हवी. आई-बाबांच्या खात्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून आपलं नाव घालता येतं, त्यांच्या वतीनं त्यांची बिलं आपण भरू शकतो. आता बऱ्याच बँकांत अमेरिकेच्या नंबरावरही एनआरओ खात्याचं यूपीआय चालतं. औषधवाल्याचे पैसे इथून देता येत असतील, तर बाबांनी एटीएमपर्यंत का जायचं?

आणखी एक गोष्ट. परदेशातली कमाई ठेवायच्या एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही म्हणून ते इथल्या रिटर्नमध्ये न दाखवणारेही पुष्कळ आहेत. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, इथे भरावा लागतो, हेही त्यांनी लक्षात घ्यावं.

उपदेश फार झाला, याची मला जाणीव आहे. प्रत्येकाच्या घरची अडचण मला ठाऊक नाही. कुणाला लागलं असेल तर क्षमा मागते. पण डिसेंबरात भारतात जाणार असाल तर लग्नकार्यांतून एक सकाळ काढा आणि पासपोर्ट, व्हिसा, पॅन व इथल्या पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत स्वतः जा. नॉमिनीही पाहून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात. आणि कुठल्या बँकेत काय आहे हे बायकोलाही सांगा. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींना ते आजही माहीत नाही.