आधी एक कप्पा

परवा ऑफिसातली एक धाकटी सहकारी माझ्या टेबलाशी घुटमळली. "मॅडम, तक्रार समितीत कोण आहे हो?" म्हटलं, इंट्रानेटवर बघ की. तिने बघितलं होतं. यादीतल्या अध्यक्षबाई दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेल्या, आणि दिलेला फोन आता स्टोअरमध्ये वाजतो!

२०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसांच्या कचेरीत ही समिती हवी, तिचा आदेश ठळक जागी लावायला हवा. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते. बाईने त्यातले दिवस फोन शोधण्यात घालवायचे?

हे वर सांगितलं की उत्तर ठरलेलं, "थांबा, नवीन पोर्टल येतंय." तीन वर्षं ते येतंयच. अहो, दिवाळीला आपण अख्खं घर एका दिवसात उपसतो का? आज मांडणी, उद्या माळा. पहिल्या महिन्यात समिती, रजा आणि पगार एवढीच पानं घ्या. प्रत्येकाखाली सांभाळणाऱ्याचं नाव आणि तपासल्याची तारीख. मग जुनी परिपत्रकं काढा. दोन 'रजा नियम' दिसले की माणूस नेमका चुकीचा उघडतो. रंगरंगोटी आणि साहेबांचा फोटो नंतर. (फोटो मात्र दर वेळी आधी येतो.) आणि बाळंतपणाची रजा शोधणारी 'मानव संसाधन धोरण' असं टाइप करत नाही, हे कुणीतरी तिच्या शेजारी बसून बघावं.

त्या मुलीला मी समितीतल्या एकीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. पान अजून तसंच आहे.