मूल सारखे पेंगते? आधी मूळ शोधा



पिकाचे पान पिवळे पडले की आपण पानाला दोष देत नाही, मूळ उकरून पाहतो. घरातले मूल दिवसा पेंगू लागले तर मात्र त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. मीही ही चूक केली आहे. एका वस्तीवर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक चालू असताना दहा-अकरा वर्षांचा मुलगा पोत्याला टेकून झोपला. मी चारचौघांत त्याला बोललो. त्याची आई म्हणाली, “साहेब, रात्री लवकर निजतो, तरी शाळेत झोपतो. घास हातात धरूनही झोपतो.” मी ओशाळलो.

अशा झोपेमागे नार्कोलेप्सी हा आजार असू शकतो. आपल्याला जागे ठेवणारे ओरेक्झिन हे द्रव्य मेंदूच्या तळाशी तयार होते. १९९८ साली त्याचा शोध लागला. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की झोप कुठेही गाठते. काही मुलांत याच्या मुळाशी मेंदूचा दुसराच विकार असतो: त्या भागातली गाठ, मेंदूची सूज, डोक्याला बसलेला मार किंवा आनुवंशिक दोष. असे काही आनुवंशिक आजार नात्यातल्या लग्नांमुळे संभवतात.

खदखदून हसताना गुडघे लुळे पडतात, मान कलते, पण शुद्ध असते. याला बाहेरची बाधा समजू नका.

पुढील खुणा दिसल्यास दिरंगाई नको:
• सकाळी डोके दुखून उलटी होणे
• नजर मंदावणे, डोळे वर-खाली फिरवता न येणे
• उंची खुंटणे किंवा वजन झपाट्याने वाढणे
• सारखी तहान व लघवी
• चालताना तोल जाणे

ताप आल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर मूल एकाएकी गुंगू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. अपुरी झोप, रक्त कमी असणे यांचीही तपासणी होईल. गरज पडल्यास मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआय व झोपेची तपासणी सांगतील. गाठ निघाली तर तिच्यावर उपचार करावे लागतात; झोपेसाठीही औषधे आहेत.

तोवर अशा मुलाला विहिरीवर, कडबाकुट्टीजवळ किंवा पोहायला एकटे सोडू नका. गुरुजींना कल्पना द्या. दुपारी ठरल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे झोपू द्या.

त्या मुलाची मी पुढच्या फेरीत माफी मागितली. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.