दीर्घ श्वास घ्या म्हणे!

परवा एका मित्राच्या कंपनीत 'ताणतणाव व्यवस्थापना'ची कार्यशाळा झाली. शनिवारी, सकाळी ९ ते १. सुट्टीच्या दिवशी माणसांना हिंजवडीला बोलावून 'कुटुंबाला वेळ द्या' असं सांगणाऱ्या त्या वक्त्याला मी मनोमन दंडवत घातला.

माझा राग प्राणायामावर नाही, मी स्वतः करतो. राग आहे तो त्यामागच्या गृहीतकावर. ताण म्हणे तुमच्या डोक्यात असतो, म्हणजे दुरुस्तीही तुमच्याच डोक्याची! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं. २०२१ मध्ये त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसोबत सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त राबणाऱ्याला ३५-४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्के जास्त. मग तास कमी करा की! पण ही स्लाइड कधी दाखवत नाहीत.

दुसरा कंपू 'फेका राजीनामा, जगा मनासारखं' वाल्यांचा. हे तर जास्त घातक. कारण त्यांचं मी ऐकलंय.

२०१४ मध्ये, ४ वर्षं ५ महिने झाल्यावर, एका भांडणानंतर मी नोकरी सोडली. भाषांतराची कामं करायची होती. (अजूनही करतो, त्याचा पश्चात्ताप नाही.) बेसिक होतं २६ हजार. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे आणखी ७ महिने थांबलो असतो तर ७५ हजार. ते गेले. पीएफ ५ वर्षांच्या आत काढला म्हणून त्यावर कर. हेही सोडा. कंपनीचा विमा नोकरीबरोबरच संपला, आणि त्यात आमचे बाबा होते. मधुमेह जुना. नवी पॉलिसी घेतली, पण जुन्या आजारांना वेटिंग पिरियड. (आता तो जास्तीत जास्त ३ वर्षं असतो, तेव्हा ४ होता.) आठ महिन्यांनी अँजिओप्लास्टी. पैसे कुठून आणले ते लिहीत नाही. बाबा त्यानंतर मला कधी काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

'मनासारखं जगा' सांगणाऱ्या एकाही महाभागाने मला विचारलं नव्हतं, 'अरे, घरच्यांचा विमा कुणाच्या नावावर आहे?'

असो. कार्यशाळेहून आल्यावर मित्राचा फोन आला. "सोडतो यार आता." मी जॉइनिंगची तारीख विचारली. जूनमध्ये ५ वर्षं होतात म्हणाला. म्हटलं, रात्री झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर ग्रॅच्युइटी गेली खड्ड्यात, आधी डॉक्टर गाठ. तसं नसेल तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड धर आणि मागे मोजत ये. राजीनामा कधी दिला ते नाही, कामाचा शेवटचा दिवस कुठला ते बघतात. आणि आईबाबांची वेगळी पॉलिसी या आठवड्यात काढ, नोकरी असतानाच.

"आणि तोवर ताणाचं काय?"

म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलावलं तर जाऊ नकोस.