सत्काराच्या नारळानंतर

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना सैन्य अनोळखी नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली कंपनी सरकारची पलटण आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. त्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरलेली आहेत. जे जगून घरी परततात, त्यांच्यासाठी स्तंभ उभारण्याची रीत नाही. त्यांच्या मनात काय शिल्लक राहिले हे विचारण्याची तर नाहीच नाही.

आजचा जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत निघतो. तो शिपाई असो की हवालदार, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते. पंधरा ऑगस्टला त्याला शाल आणि नारळ मिळतो. सोळा ऑगस्टला तो रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्याच्या फाटकावर रखवालीच्या पाळीला हजर होतो. रात्ररात्र झोप नसणे, लग्नातल्या फटाक्याने दचकणे, आठवडाभर घरात कोणाशी न बोलणे आणि मग क्षुल्लक कारणावरून मुलांवर हात उगारणे, या साऱ्याला गावाने ‘मिलिटरीचा तापट स्वभाव’ असे एक सोयीचे नाव देऊन टाकले आहे. त्यावरचे औषध म्हणून बाटली मान्य आहे. डॉक्टर मान्य नाही. या स्वभावाची किंमत घरातील स्त्री मोजते, आणि तिचा सत्कार कोणत्याही राष्ट्रीय सणाला होत नाही.

हा स्वभाव नव्हे, आजार आहे, हे जगाने सहजासहजी मान्य केले नाही. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हटले गेले आणि अनेकांना भित्रे ठरविण्यात आले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्थान मिळाले ते १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या संघटित दबावाचा मोठा वाटा होता. कलेचा उपचारात उपयोग होतो, ही जाणीव मात्र त्याहून जुनी. १९१७ साली स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट या युद्धरुग्णालयात आजारी सैनिक स्वतःचे नियतकालिक काढीत, आणि कवी विल्फ्रेड ओवेन काही काळ त्याचा संपादक होता. त्याच वर्षी मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज ही संस्था निघाली व पुढे खडकीला आली. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कण्याला इजा होऊन खुर्चीला खिळलेले जवान तेथे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. पण या जवानांची जखम डोळ्यांना दिसते. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवरील धडधाकट दिसणाऱ्या माणसाची जखम दिसत नाही, म्हणून त्याच्या हाती कोणी कुंचला देत नाही.

वास्तविक या प्रदेशाला कला बाहेरून आणावी लागत नाही. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव. वगनाट्ये आणि लावण्या लिहिणारे, २०२१ साली निवर्तलेले बी. के. मोमीन कवठेकर तेथलेच. दौंड तालुक्यात चौफुल्याची कलाकेंद्रे आहेत. भजनी मंडळ तर गावोगाव आहे, आणि त्यात टाळ धरून मागे बसलेला एखादा माजी सैनिक हमखास सापडतो. तेवढ्या दोन तासांतच त्याचे डोके शांत राहते, हे त्याची बायको कोणत्याही तज्ज्ञाआधी सांगू शकेल.

अडचण आहे ती कलेच्या रोखाची. आपला पोवाडा जवानाला नायक करतो, पण बोलू देत नाही. त्यात शौर्य आहे, बलिदान आहे. भीतीला, शरमेला, शेजारी पडलेल्या सोबत्याच्या आठवणीला जागा नाही. स्वतःवरचा पोवाडा ऐकणारा माणूस अधिकच गप्प होतो. डफ त्याच्या हाती गेला पाहिजे, आणि समोर प्रेक्षक नसले पाहिजेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, शाळेची एक खोली, सात-आठ माणसे आणि शक्य तर समाजसेवेचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अवघड वाटू नये. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत आणि तुटपुंज्या पगारातून सेवा दलाला पैसे देत. पुढे कलापथकातूनच त्यांच्यातला नट घडला. मात्र कलापथकाचे काम लोकांना काही सांगण्याचे होते. येथे काम ऐकण्याचे आहे. येथे पक्षाचा प्रचारही नको. युद्धविरोधी भाषणासाठी जवानाचे दुःख वापरणे हे भरतीच्या जाहिरातीसाठी त्याचे शौर्य वापरण्याइतकेच गैर होय.

गाणे हे डॉक्टरची जागा घेणार नाही. जीव देण्याची भाषा करणाऱ्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेले पाहिजे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, आणि निळूभाऊंच्या त्याच महाविद्यालयात २०२३ साली सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. शिरूर-दौंडमध्ये किती माजी सैनिकांच्या घरी हा क्रमांक लिहून ठेवलेला आहे, हे कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन पाहावे. कलेचा बोलबाला करून उपचारावरील खर्च टाळण्याची युक्ती सरकारला सुचणे अशक्य नाही, तेव्हा दोन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.

त्यात दिरंगाई परवडणारी नाही. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फार तर पंचवीस टक्के जवान सैन्यात राहायचे आहेत. बाकीचे ऐन तारुण्यात घरी येतील. सेवानिधीची एकरकमी रक्कम हाती असेल, पेन्शन नसेल, आणि माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नसेल. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या मुलांच्या नावाची नोंद ठेवावी, तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला वार असावा आणि संध्याकाळच्या मंडळासाठी शाळेची खोली मिळावी, असे ठराव दोन्ही तालुक्यांतील ग्रामसभांत मांडण्याचे काम कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपासूनच हाती घ्यावे.