जुनी अमेरिकन गाडी घेताना

साठच्या दशकातील शेवरोले इम्पाला जवळजवळ साडेपाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. अशी दुरुस्त केलेली गाडी शाहूवाडीसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात आणायची, तर पहिली तपासणी गंजाची. वरचा रंग चकाकतो, पण पत्र्यात पुट्टी भरलेली असेल, तर तिथे लोहचुंबक चिकटत नाही. चासी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ गाडी वर उचलूनच पाहावा.

दुसरी तपासणी ब्रेकची. त्या काळी चारही चाकांना ड्रम ब्रेक सर्रास असत. आंबा घाटाच्या लांब उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने इंधनाचे जुने रबरी पाइप खराब होतात, तेही बदलावेत.

तिसरी कागदपत्रांची. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरील खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे यांसाठीच ती रस्त्यावर येते. मूळ इंजिन, बॉडी आणि चासी जपलेली गाडीच खरा ठेवा. खरेदीदाराने किंमत त्यावरच ठरवावी.