मृगाच्या आत निर्णय द्या

केंद्रीय वाणिज्य मंत्रालयातल्या डीजीटीआरला, म्हणजे परदेशी मालाच्या अन्यायी किमतींची चौकशी करणाऱ्या महासंचालनालयाला, आणि त्याच्या शिफारशी अडवून बसणाऱ्या अर्थ मंत्रालयाला हा वाशिम जिल्ह्यातून जाहीर इशारा आहे. परक्या सरकारांच्या अनुदानावर स्वस्त झालेली रसायने देशात उतरत असताना चौकशीचे कागद कुजवणे थांबवा. आणि या दिरंगाईसाठी शेतकऱ्याचे नाव पुढे करणे आजपासून बंद करा.

वाशिमचा याच्याशी काय संबंध, असे विचारू नका. इथे मोठा रसायन उद्योग नाही, पण रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सहाही तालुक्यांत खरीप म्हणजे सोयाबीन. सोयाबीन म्हणजे पेरणीला डीएपी खत, तण दोन-चार पानांवर आले की तणनाशक, नंतर चक्रीभुंगा आणि अळीवर फवारण्या. निंदणाला मजूर मिळेनासे झाल्यापासून तणनाशकावाचून गत्यंतर उरलेले नाही. डब्यावर नाव देशी कंपनीचे असते, आतला मूळ घटक, ज्याला व्यापारी ‘टेक्निकल’ म्हणतात, तो कित्येकदा चीनहून आलेला असतो. कारंजा-मालेगावच्या कृषी सेवा केंद्रातून उधारीवर डबा उचलणारा माणूस या साखळीच्या शेवटी उभा आहे. किंमत त्याने ठरवलेली नसते आणि टंचाईचा पहिला फटका त्यालाच बसतो.

कायदा दुबळा नाही. सीमाशुल्क दर कायदा, 1975 च्या कलम 9 खाली अनुदानित आयातीवर जादा शुल्क लावता येते. 1995 च्या नियमांनुसार चौकशी एका वर्षात संपवायची असते, फार तर सहा महिने वाढवून मिळतात. शिफारस आली की तीन महिन्यांत शुल्क लावायचे असते. तातडीची गरज असेल तर चौकशी सुरू होऊन साठ दिवस उलटल्यावर तात्पुरते शुल्कही लावता येते. सॅकरिनच्या चिनी आयातीवर 2019 मध्ये असे अनुदानविरोधी शुल्क लागले. मक्यातल्या तणावर फवारतात त्या अॅट्राझिनचीही अशी चौकशी झाली. मनात आणले तर हे खाते काम करू शकते.

मग अडते कुठे? आधी अर्जाच्या छाननीत. चौकशी सुरू झाल्याची अधिसूचना निघेपर्यंत किती महिने जावेत, याला नियमांत पक्के बंधन नाही. पुढे मुदतवाढ ही अपवाद न राहता रीत होऊन बसते. या काळात आयातदार गोदामे भरून घेतो आणि देशी कारखाना एकेक पाळी बंद करतो. एवढे होऊन शिफारस अर्थ मंत्रालयाकडे गेली, की तीन महिने सरतात आणि अधिसूचना निघतच नाही. नायट्राइल रबराच्या प्रकरणात हेच घडले. डीजीटीआरने अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे घरच्या किमतीहून स्वस्तात पाठवलेल्या मालावरचे शुल्क, सुचवले, केंद्राने ते लावले नाही, आणि अॅपकोटेक्स कंपनीला न्यायाधिकरणात जावे लागले. शिफारस नाकारायची तर कारणे द्यावी लागतील, असे 2022 मध्ये न्यायाधिकरणाने बजावले. सरकारला कारण लिहायला लावण्यासाठी खटला भरावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

‘प्रक्रिया आहे, वेळ लागतो’ हे उत्तर आम्ही मानत नाही. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झाले. 30 मे 2025 ला, आम्ही पेरणीच्या तयारीत असताना, तेच 16.5 टक्क्यांवर आणले गेले. दोन्ही वेळी एक अधिसूचना पुरली. सोयाबीनचा भाव या तेलाच्या शुल्काशी बांधलेला असतो, तरी 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना आमच्या बाजार समित्यांत माल त्याहून खाली विकला गेला. तेव्हाही कुणाला घाई नव्हती.

आता ‘स्वस्त रसायन शेतकऱ्याच्या हिताचे’ या युक्तिवादाबद्दल. हा स्वस्ताईचा काळ कारखाना मरेपर्यंतच टिकतो. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, पेनिसिलीन बनवणारा देशाचा पहिला सरकारी कारखाना. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलीन-जीचे उत्पादनच बंद पडले आणि औषधाच्या मूळ घटकासाठी आपण परावलंबी झालो. 2020 मध्ये अशाच मूळ घटकांचे उत्पादन देशात परत आणण्यासाठी केंद्राला 6,940 कोटी रुपयांची योजना काढावी लागली. रायगडमधल्या रसायनीच्या हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्समध्ये अॅनिलीन, नायट्रोबेंझीन बनत होते. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोला लागणारा एक विभाग वगळून तो कारखाना बंद करायचे ठरवले. या कारखान्यांच्या मरणाला इतरही कारणे होती, पण स्वस्त आयातीचा घाव त्यांनी वर्षानुवर्षे सोसला हे खरे आहे.

परावलंबन म्हणजे काय, हे 2025 च्या खरिपात आम्ही पाहिले. चीनने फॉस्फेट खतांची निर्यात आवळली, विद्राव्य खतांच्या भारताकडे येणाऱ्या मालाची तपासणीच थांबवली, आणि इथे डीएपीसाठी रांगा लागल्या. हवे ते खत पाहिजे तर नको तेही घ्या, असे लिंकिंग शेतकऱ्याच्या गळ्यात मारले गेले. त्या आठवड्यांत स्वस्त आयातीचे गोडवे गाणारा एकही माणूस आमच्या बांधावर फिरकला नाही.

देशी कंपन्यांनीही ऐकावे. शुल्काच्या आडोशाने तुम्ही डब्याची किंमत फुगवलीत, तर आम्ही तुमच्याही दारात उभे राहू. नुकसान भरून निघेल तेवढेच शुल्क लावायचे, ही भारताची पद्धत आहे. ती काटेकोर पाळली जावी. किरकोळ विकल्या जाणाऱ्या मालाच्या चौकशीत ग्राहक संघटनांना म्हणणे मांडता येते. शेतकऱ्यालाही तेवढीच जागा मिळाली पाहिजे, आणि ती मराठीत बोलायची मुभा देऊन.

आमची मागणी शुल्क लावाच अशी नाही. निर्णय द्या, मुदतीत द्या आणि कारणासह द्या. शेतीला लागणाऱ्या रसायनांचे जे अर्ज आणि ज्या चौकशा प्रलंबित आहेत, त्यांची यादी तारखांसह जाहीर करा. एक वर्ष ओलांडलेल्या प्रत्येक चौकशीला मुदतवाढ का दिली ते लिहा. अर्थ मंत्रालयाने शिफारस फेटाळली असेल तर तो आदेश लोकांसमोर ठेवा.

यासाठी येत्या मृगापर्यंत, 7 जूनपर्यंत, मुदत देत आहोत. त्या दिवशी यादी जाहीर झालेली नसेल, तर पेरणी उरकताच वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरू आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागू. जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे, यवतमाळ-वाशिम आणि अकोला. दोन्ही खासदारांना गावागावांत विचारले जाईल, की या प्रश्नावर संसदेत तुम्ही तोंड कधी उघडले. ग्रामसभांनी आपले ठराव आत्तापासून लिहून ठेवावेत. 7 जूननंतर आमच्याकडून एकही दिवस वाढवून मिळणार नाही.